गाडी सुकल्यावर दिसतं ते

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बी.ए.’ छापलं होतं. आमच्या घराण्यात नावापुढे काही छापलं जाण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून वडिलांनी छापखानेवाल्याला ती दोन अक्षरं जरा जाड घ्यायला सांगितली होती. त्या पत्रिका वाटायला मी निघालो तेव्हा एका पिशवीत पत्रिका आणि दुसऱ्या पिशवीत गाडी पुसायचं ओलं कातडं होतं. दादरला एका वकिलांची गाडी पुसायची आणि तिथूनच हिंदमातेला शालू बघायला जायचं, असा बेत होता. ही दोन पिशव्यांची भानगड एकाच माणसाच्या हातात कशी आली, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मलाही अजून नीटसं कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघू.

दिवाळी अंकात लोक परदेशचे प्रवास लिहितात, शिकारीच्या गोष्टी लिहितात. मी ओल्या गाडीबद्दल लिहिणार आहे.

गाडी धुणं हे काम नव्हे. पाणी आणि हात असले की गाडी धुतली जाते. काम सुरू होतं ते शेवटची बादली ओतल्यावर. गाडी उन्हात आपोआप सुकू दिली की प्रत्येक थेंब जिथे बसला तिथेच मरतो आणि मरताना आपल्यातला क्षार मागे ठेवून जातो. काळ्या गाडीवर तर देवीचे वण उठावेत तसे डाग उठतात. बरं, घाईनं फडकं फिरवावं, तर फडक्यात अडकलेला एवढासा वाळूचा कण रंगावर रेघ ओढत जातो. डाग नको म्हणून पुसावं तर ओरखडे, ओरखडे नकोत म्हणून न पुसावं तर डाग. या दोहोंच्या मधून जी वाट जाते तिच्यावर मी उणीपुरी पस्तीस वर्षं चाललो.

ती वाट मला दाखवली कांबळेकाकांनी.

आमचं गॅरेज गिरगावात, एका गल्लीच्या पोटात. आवारात विहीर होती, तिचं पाणी खारट. नळाला सकाळी दोन तास पाणी. नियम असा, की चिखलमाती विहिरीच्या पाण्यानं काढायची, पण शेवटचं पाणी नळाचंच. मालक सामंत म्हणून होते, स्वभावानं वाईट नव्हते, फक्त गिऱ्हाईक समोर असलं की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. मी डिलाईल रोडच्या चाळीतून पहाटे निघायचो, सकाळी चार तास गाड्या धुवायचो, अकराला कॉलेजात जायचो, आणि लेक्चरं संपली की संध्याकाळी पुन्हा तासभर गॅरेजात. इंटर आर्ट्स पास होऊन मी बी.ए.च्या वर्गात होतो आणि सगळं गॅरेज मला ‘कॉलेज’ म्हणायचं. “ए कॉलेज, बादली आण.” “ए कॉलेज, मडगार्ड राहिलं.” दारावरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या गाड्यांची यादी लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे किती, तर गिऱ्हाइकं थांबून वाचायची. हे मी आज सांगतोय ते मोठेपणा म्हणून नव्हे. पुढे जे झालं ते त्या अक्षरामुळेच झालं.

कांबळेकाका शेवटचा हात फिरवायचे. पन्नाशीचा माणूस, सुकलेल्या खारकेसारखा, बोलणं तितकंच. आम्ही बाकीचे, म्हणजे मी, सखाराम आणि आणखी दोघे कोकणातले, जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडीवरचं मोठं पाणी उतरवायचो. मग काका कातडं घेऊन यायचे. मेंढीचं कमावलेलं मऊ कातडं, हातरुमालाच्या चौपट. कोरडं असताना पापडासारखं कडक, भिजवून पिळलं की लोण्यासारखं. गंमत म्हणजे ते ओलं असलं तरच पाणी ओढतं. काका ते गाडीवर पसरायचे आणि दोन टोकं धरून आपल्याकडे सरळ ओढायचे. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. मागे ओल्या पाटीसारखा चकचकीत पट्टा राहायचा आणि तो बघता बघता कोरडा व्हायचा. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, सगळं आधी उतरवून ठेवायचं. कातडं जमिनीला टेकलं तर पुन्हा दोनदा धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. आणि गाडी कोरडी झाली असं वाटलं की ड्रायव्हरला सांगायचं, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन ब्रेक मारून परत आण. फटींत, बाजूच्या निकेलच्या पट्ट्यांच्या मागे, दिव्यांच्या कडेला लपलेलं पाणी तेव्हा बाहेर येतं. “गाडी रडून घेते,” काका म्हणायचे. “रडली की मग डोळे पुसायचे. आधी पुसून काय उपयोग?”

कातड्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. असा नियम कुणी केलेला नव्हता. फडक्यांसाठी भिंतीत खुंट्यांची रांग होती आणि कातड्यासाठी एक खुंटी वेगळी, विहिरीच्या बाजूला. ती तशी का, हे मी विचारलं नाही, सखारामनं विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. विचारलं नाही याचा अर्थ सगळ्यांना माहीत होतं. काकांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. एका सकाळी सखारामनं हसत विचारलं, “काय कांबळे, आता नवं काय?” काका म्हणाले, “माझं नवं झालं. तुमची खुंटी जुनीच आहे.” सखारामला समजायला अर्धा दिवस लागला. समजल्यावर तो रागावला, पण कशासाठी रागवायचं ते त्याला सापडेना.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मी सभांना जायचो, मागे उभा राहून घोषणा द्यायचो. आज मोर्चा, उद्या हरताळ. लालबाग-परळच्या रस्त्यावर गाड्या अडवल्या जायच्या, पण गाडीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं असलं की पोरं बाजूला होऊन वाट द्यायची. त्यामुळे आमच्याकडे एक नवंच काम सुरू झालं. परळकडे जाणारे ड्रायव्हर सकाळी खडूनं काचेवर घोषणा लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी फोर्टात जायचं असलं की पुसून घ्यायचे. लिहायला अर्थात मी. मी मागणी लिहीत होतो की गाडीचा परवाना, हा प्रश्न तेव्हा मला पडला होता. उत्तर मिळालं नाही, पण अक्षर काढताना छाती फुगायची एवढं खरं.

आमच्याकडे एका डॉक्टरांची काळी विलायती गाडी यायची. तिचा ड्रायव्हर पारकर. एका सकाळी काकांनी ती पुसून आरसा केली होती आणि ते चहाला गेले होते. पारकर घाईघाईनं माझ्याकडे आला.

“कॉलेज, लवकर लिही. डॉक्टर पुढच्या गल्लीत पेशंट बघताहेत. त्यांना घेऊन परळच्या इस्पितळात जायचंय, आणि आज गिरण्या बंद आहेत. काल लालबागला माझ्या कानाजवळून धोंडा गेला.”

मी खडू शोधला. डब्यात ओलसर चुरा होता. भिंत रंगवायला कालवलेला चुना मात्र बादलीत तयार होता, वर सरस घातलेला, म्हणजे भिंतीला घट्ट बसावा म्हणून. ब्रशही तिथेच.

“काचेवर लिही,” पारकर म्हणाला.

मागची काच म्हणजे शाळेतल्या पाटीएवढी. तिच्याखाली डिकी, काळी, रुंद, काकांनी नुकतीच पुसलेली. एवढा सुंदर फळा मला कॉलेजातही कधी मिळाला नव्हता.

“काचेवर मावत नाही,” मी म्हटलं.

“अरे, रंगाला काही होणार नाही ना?”

“चुना आहे. धुतला की जातो.”

हे वाक्य मी कुठल्या आधारावर म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक बी.ए.च्या वर्गात असल्याच्या आधारावर. मी लिहिलं. ‘झालाच’ मधला झ तर असा उतरला, की पारकरसुद्धा भीती विसरून “वा” म्हणाला.

गाडी दिवसभर इस्पितळाच्या आवारात उन्हात उभी राहिली. धोंडा पडला नाही. पाचच्या सुमाराला पारकर परत आला.

“डॉक्टर पुन्हा पुढच्या गल्लीतल्या पेशंटकडे उतरलेत. उद्या सकाळी त्यांना फोर्टात मोठ्या लोकांकडे जायचंय. हे काढ आधी.”

चुना वाळून खडखडीत झाला होता. काका घरी गेले होते. मी फडकं घेतलं आणि कोरडंच घासलं. गाडीच्या धंद्यात यापेक्षा मोठी चूक नाही, आणि ती मला माहीत होती. रोज डोळ्यांसमोर बघत होतो. तरी घासलं. मग नळाला पाणी नव्हतं म्हणून विहिरीच्या दोन बादल्या ओतल्या. डिकी लखलखली. एक अक्षर नाही, एक रेघ नाही. पारकर खूश, मी खूश. मला वाचनालयात पुस्तक बदलायचं होतं. पुसायला थांबलो नाही. गाडी ओलीच गेली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गाडी दारात आणि मागच्या सीटवर स्वतः डॉक्टर. उतरले, डिकीकडे बोट केलं आणि मालकांना म्हणाले, “सामंत, हे काय?”

डिकीवर धुकं पसरलं होतं. पांढरट ठिपके, त्यात पुसट ढग, ढगांत बारीक ओरखडे. कशाचा आकार म्हणावा असं काही नाही. मालकांनी घाईनं ओलं फडकं फिरवलं. धुकं गायब.

“गेलं साहेब! धूळ होती.”

आम्ही सगळे डिकीकडे बघत उभे. दोन मिनिटांत पाणी सुकलं आणि धुकं परत आलं. मालकांनी पुन्हा ओलं केलं. गेलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा सखारामनं साबण लावला. साबण असेपर्यंत गाडी नवीकोरी. सुकल्यावर तेच.

“भुताटकी आहे,” सखाराम हळूच म्हणाला.

“खाऱ्या पाण्याचे डाग,” दुसरा म्हणाला.

“मग ओरखडे कुठून आले?”

मला कालचा चुना आठवला, पण मेळ बसेना. चुना तर गेला होता. मी स्वतः बघितला होता जाताना. जे गेलं ते परत कसं येईल? आणि ओलं केल्यावर जातं आणि सुकल्यावर येतं, असं कुठलं दुखणं? मी पारकरकडे बघितलं. पारकर आकाशाकडे बघत होता.

“काल शेवटचा हात कुणाचा?” मालकांनी विचारलं.

“कांबळेंचा,” पारकर म्हणाला. सकाळपुरतं ते खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, “मी बाराला येतो.” टॅक्सी करून ते गेले. गिऱ्हाईक गेलं, आणि मालकांना आता फक्त काका दिसू लागले.

“कांबळे, कातड्यात खडा होता.”

“नव्हता मालक.”

“मग हे काय? तुमचं कातडं जमिनीला लागलं असेल. ते राहू दे आता खुंटीला. उद्यापासून तुम्ही चाकं धुवा.”

बाहेरच्या माणसाला वाटेल, चाकं तर चाकं. पण आमच्या धंद्यात वरून खाली येतात ते पाणी आणि माती. शेवटचा हात फिरवणारा माणूस चाकांवर बसवणं म्हणजे पुजाऱ्याला चपला सांभाळायला बसवण्यासारखं. काका अकरा वर्षं शेवटचा हात फिरवत होते. त्यांनी कातडं खुंटीवरून काढलं, आमच्या समोर आणलं आणि दोन हातांवर पसरून धरलं.

“खडा आहे ना? मग शोधा. कुणीही शोधा. हात फिरवा सगळीकडून. सापडला तर चाकं कशाला, मी घरीच जातो.”

कुणी हलेना. मालकांनी सखारामकडे बघितलं, सखारामनं आपल्या पायांकडे. आरोप करायला हात लावावा लागत नाही, तो खरा की खोटा हे बघायलाच लावावा लागतो, हे त्या क्षणी सगळ्यांच्या ध्यानात आलं असावं.

मी पुढे गेलो आणि हात लावला.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. तो हात लाजेनं पुढे गेला, भीतीनं गेला, की नुसतं ते शांत उभं राहणं सहन होईना म्हणून गेला, याचा मी खूप विचार केलाय. कातडं गार होतं, मळलेल्या कणकेसारखं. मी बोटं चारी कोपऱ्यांपर्यंत नेली, मग उलट्या बाजूनं.

“खडा नाही,” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य घशात तयार होतं, पण त्याला बाहेर यायला मुहूर्त सापडेना.

“झालं?” काका मालकांना म्हणाले. “आता मला ही डिकी एकदा पुसू द्या. माझ्या पद्धतीनं. मध्ये बोलायचं नाही.”

त्यांनी गाडी सावलीत घेतली. नळाचं पाणी अजून होतं. आधी त्यांनी एक लिंबू अर्ध्या तांब्यात पिळलं, गाळलं, आणि त्या पाण्याचं फडकं डिकीवर ठेवून थोडा वेळ जाऊ दिला. घासलं नाही, नुसतं ठेवलं. “खाऱ्या पाण्याचे डाग एवढ्यानं सुटतात,” ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. मग वरून खाली नळाचं पाणी, इतकं एकसारखं, की ते पडद्यासारखं सरकत खाली गेलं आणि जाताना बरेचसे थेंब स्वतःच घेऊन गेलं. मग कातडं. पसरलं, ओढलं. पिळलं. पसरलं, ओढलं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढलेला. डिकी किंचित उघडून आतली कड पुसली, कुलपाच्या भोकावर फुंकर घातली. पारकरला म्हणाले, “टोकापर्यंत ने. ब्रेक मारून आण.” गाडी गेली, रडली, आली. काकांनी कड पुन्हा पुसली.

“आता दाराच्या तोंडाशी घ्या. ऊन तिरपं पडू दे.”

गाडी तोंडाशी आली. ठिपके सगळे गेले होते. धुकं गेलं होतं. आणि ते गेल्यामुळे, त्याच्याखाली जे होतं ते दिसू लागलं. आधी एक काना. मग वेलांटी. काळ्या चकचकीत रंगात मिणमिणती, राखाडी, मोठीमोठी अक्षरं. चुन्यानं जिथे रंग खाल्ला होता तिथे चमक उरलेली नव्हती. ओलं असलं की सगळंच चमकायचं, म्हणून दिसायचं नाही.

काका चाळीतल्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले होते. त्यांनी एकेक अक्षर मोठ्यानं लावलं. “झा… ला… च… पा… हि… जे.”

मालक म्हणाले, “मोर्चेवाल्यांनी लिहिलं वाटतं, परळला.”

आता यापुढचे दोन क्षण. ते लिहायचे म्हणून खरं तर हा सगळा लेख लिहिला, आणि तिथेच माझा गोंधळ आहे. माझ्या आठवणीप्रमाणे मी म्हणालो, “मालक, मी लिहिलं. चुन्यानं. काल पुसलंही मीच.” आणि त्यानंतर काकांनी दारावरच्या फळ्याकडे बोट केलं, तिथे त्या दिवशीच्या यादीत ‘झवेरी’ हे नाव होतं, आणि तो झ आणि डिकीवरचा झ सख्खे भाऊ होते. पारकरचं म्हणणं उलटं. तो मरेपर्यंत सांगायचा, “आधी कांबळेंनी फळा दाखवला. मग तुझं तोंड उघडलं.” सखारामला विचारलं तर तो म्हणायचा, दोन्ही एकदमच झालं. म्हणजे मी कबूल झालो की पकडला गेलो, हे ठरवायला माझ्याकडे माझ्याशिवाय साक्षीदार नाही, आणि या साक्षीदाराचा स्वार्थ मला ठाऊक आहे.

एक मात्र सगळ्यांना सारखं आठवतं. काका म्हणाले, “मालक, कातड्यात खडा नव्हता. खडा तुमच्या कॉलेजात होता.”

त्या दिवशी मी कॉलेजात गेलोच नाही. बाराला डॉक्टर आले. मालक घामाघूम होऊन सांगू लागले. डॉक्टरांनी हातानं थांबवलं, चष्मा पुसला, वाकून डिकी वाचली.

“वाचता येतंय,” ते म्हणाले. “म्हणजे पुसलीय चांगली.”

एवढं बोलून गाडीत बसले. ते रागावले होते की हसत होते, ते मला कळलं नाही. रंग द्यायला त्यांनी गाडी कधी पाठवली नाही, ते का, तेही कळलं नाही.

मालक मला काढणार होते. काढलं नाही, कारण यादी लिहायला दुसरं कुणी नव्हतं, असं मी धरून चालतो. शिक्षा अशी झाली, की ती काळी गाडी यापुढे मी पुसायची, कातड्यानं, आणि काकांनी ते शिकवायचं.

“शिकवीन,” काका म्हणाले. “पण कातडं तो स्वतःच्या हातानं धुणार. आणि ही खुंटी इथून काढायची. सगळी फडकी जिथे, कातडं तिथे.”

मालकांनी सखारामला हातोडी आणायला सांगितली. सखारामनं खुंटी काढली. दोन फटक्यांत निघाली, इतकी ती सैल होती.

त्या दिवशी घरी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. तिनं दारातच अडवलं. “चामड्याक हात लावून इलंस? आधी न्हाऊन ये.” वडील पहिल्या पाळीहून येऊन भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “गिरणीतले पट्टे कसले असतत गो? रेशमाचे? बावीस वर्षां मी काय धरतंय हातात?” आईनं चुलीकडे तोंड वळवलं. आंघोळ मात्र मला करायला लावलीच. दुसऱ्या आठवड्यात तिनं आंघोळीचं सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तीच विचारू लागली, “तां कातडां धुवक शिकाकाई घालतंस काय रे? साबणान कडक होताला.” शिकाकाईचं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “तुझ्या आईला कळतं, तुला नाही.”

काकांनी मला तीन वर्षं शिकवलं. शिकवणं म्हणजे बाजूला उभं राहायचं आणि मी चुकलो की खोकायचं. दर आठवड्याला ती गाडी यायची आणि दर आठवड्याला मी मन लावून पुसत गेलो की माझीच अक्षरं हळूहळू वर यायची. वाईट पुसली तर दिसायची नाहीत, म्हणजे लबाडीला वाव होता. चार थेंब राहू दिले की झालं. पण काका खोकायचे.

मी बी.ए. झालो. सगळ्या चाळीत पेढे वाटले. एका कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि सात महिन्यांनी परत गॅरेजात आलो. लोकांना सांगायचो, तिथे प्रगती नव्हती. खरं कारण असं, की तिथे दिवसाच्या शेवटी जे काही केलं ते चांगलं झालं की वाईट, हे उन्हात धरून बघता येत नव्हतं. मालकांनी मला पुढे धुण्या-पुसण्याचा मुख्य केलं. वडिलांनी कुणालाही सांगताना ‘मोटारीच्या कंपनीत साहेब’ असं सांगितलं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. आई ‘कातड्यार बसता’ म्हणायची, ते जास्त बरोबर होतं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात ती काळी गाडी पुन्हा आली. गल्लीत तोरणं होती, पारकरनं आरशाला झेंडूची माळ बांधली होती. मी पुसली, तोंडाशी घेतली. ऊन तिरपं होतं. पॉलिश करकरून आधीची अक्षरं झिजली होती, शेवटचं ‘पाहिजे’ तेवढं उरलं होतं. मागणी पुरी झाली आणि तरी गाडी आपली ‘पाहिजे’ म्हणत मुंबईभर फिरत होती. हसावं की काय करावं ते सुचेना. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “अजून बरंच पाहिजे आहे. राहू दे.”

काका निवृत्त झाल्यावर मी डिलाईल रोडला त्यांच्या खोलीवर अधूनमधून जात असे. आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर, पण गॅरेजात काका भेटेपर्यंत मी त्या आवारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझी लग्नपत्रिका मी त्यांना दिली तेव्हा त्यांनी ती उन्हात तिरपी धरून बघितली, सवयच ती. ‘बी.ए.’ वर अंगठा फिरवला. “अक्षर उठून आलंय,” म्हणाले.

शेवटी एकदा धीर करून मी विचारलं. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. खिडकीत बसले होते, समोर चहाचा कप.

“काका, त्या दिवशी मी आधी बोललो, की तुम्ही आधी फळा दाखवलात?”

“कोणत्या दिवशी?”

“डॉक्टरांच्या गाडीच्या. डिकीवर अक्षरं आली तेव्हा.”

त्यांनी कप बाजूला सारला. मला वाटलं, आता माझ्या आयुष्याचा निकाल लागतोय.

“मला काय माहीत?” काका म्हणाले. “मी गाडीकडे बघत होतो. डाव्या कोपऱ्यात, कुलपाच्या खाली, एक थेंब राहिला होता.”